मेणाचा गोळा आणि निळा थर्मास

माझ्या आईच्या दंडावर रुपयाएवढे दोन गोल वण आहेत. तुमच्या घरातही सत्तरच्या दशकाआधी जन्मलेलं कुणी असेल तर त्यांच्या दंडावर शोधा, बहुतेक सापडतील. लहानपणी त्यावरून बोट फिरवत "हे काय गं?" असं विचारलं की ती म्हणायची, "देवी काढल्या होत्या." टोचतात म्हणजे काहीतरी आत घालतात, मग 'काढल्या' कसं, असा प्रश्न मला तेव्हाही पडायचा. शब्द कुठून आला ते असो, पण आज ज्या काळाबद्दल लिहायचं आहे त्या काळात खरोखरच एकाच्या दंडातून काढून दुसऱ्याच्या दंडात घालायची पद्धत होती.

'लस' हा शब्दही पाहा. जखम चिघळली की आपण अजून "लस येतेय" म्हणतो. हिंदुस्थानात देवीवरची पहिली लस आली ती अगदी शब्दशः ही लस होती, फोडातून पाझरलेलं पाण्यासारखं द्रव्य. आणि गेले काही दिवस माझ्या डोक्यात घोळतोय तो प्रश्न साधा आहे. हे द्रव्य मुंबईपर्यंत आलं कशातून?

इतिहासाच्या पुस्तकांची एक गंमत असते. एका वाक्यात शोध लागतो आणि पुढच्या वाक्यात तो जगभर पसरतो. जेन्नरचंच घ्या. १४ मे १७९६ रोजी त्याने जेम्स फिप्स नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला गाईच्या देवीची लस टोचली, १७९८ मध्ये पुस्तिका छापली, आणि मग 'लवकरच ही पद्धत सर्वत्र रूढ झाली'. झालं! पण इंग्लंडातल्या एका गवळणीच्या हातावरच्या फोडातला थेंब हजारो मैलांवर जिवंत कसा पोचला, हे मधलं वाक्य सहसा कुणी लिहीत नाही. मला वाटतं खरी मारामारी त्या मधल्या वाक्यातच आहे.

कारण अडचण दुहेरी होती. ते द्रव्य मेलं तर काही उपयोग नाही. आणि ते जिवंत ठेवायचं तर थंडावा हवा, ओल हवी, हवा लागता कामा नये. बर्फाच्या पेट्या नाहीत, फ्रीज नाही, जंतू म्हणजे काय हेही कुणाला माहीत नाही. अनुभवाने एवढंच कळलेलं की फोड साधारण आठव्या दिवशी पिकतो, त्यातली लस त्याच सुमाराला घ्यावी लागते, आणि ती वाळून गरम झाली की कुचकामी होते. दोऱ्यावर लस वाळवून पाकिटातून पाठवायची युक्ती युरोपात चालली. १८०० साली तर अशाच दोऱ्यातून ती अटलांटिक ओलांडून बोस्टनलाही पोचली. पण हिंदुस्थानचा प्रवास म्हणजे आफ्रिकेला वळसा, पाच-सहा महिने, त्यात विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. दोरा पोचायचा, लस पोचायची नाही.

इथे या गोष्टीत एक माणूस येतो, जाँ द कारो. जन्माने जिनिव्हाचा, डॉक्टरकी व्हिएन्नात. मला हा माणूस फार आवडतो, कारण त्याचं नाव कुठल्याही मोठ्या शोधाला चिकटलेलं नाही. त्याने पॅकिंग केलं! इंग्लिश लिंट, म्हणजे जखमेवर ठेवायचं मऊ सुती कापड, त्याने लसीत भिजवलं. ते काचेच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवलं, काचेला खोलगट भाग असलेल्या. कडा बंद केल्या. मग हा गृहस्थ ते घेऊन मेणबत्त्या करणाऱ्याकडे गेला आणि ती काच वितळलेल्या मेणात पुन्हा पुन्हा बुडवून घेतली, इतकी की तिचा एक भरीव गोळा झाला. तो गोळा कागदाच्या कपट्यांनी भरलेल्या पेटीत ठेवला आणि पेटी रवाना केली. आपल्याकडे हापूसच्या पेटीत गवत घालतात तसाच प्रकार, फक्त आत आंब्याऐवजी काचेत कोंडलेला ओलावा.

पेटी समुद्राने न पाठवता जमिनीने पाठवायची हा दुसरा शहाणपणा. व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, तिथून बगदाद, मग बसरा, आणि फक्त शेवटचा तुकडा जहाजाने मुंबई. कॉन्स्टँटिनोपलला तेव्हा ब्रिटिश वकील होता लॉर्ड एल्गिन. होय, तोच, अथेन्सच्या पार्थेनॉनवरची शिल्पं उचलून नेणारा. त्याच्या नावावर ही दुसरी वाहतूकही जमा आहे, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. व्हिएन्नाहून आलेल्या लसीने त्याने १८०० मध्ये स्वतःच्या मुलाला टोचून घेतलं होतं. आणि मेणाचा गोळा जेव्हा टायग्रिसच्या काठी बगदादला फोडला तेव्हा आतलं लिंट अजून ओलं होतं! द कारोला ही बातमी कळली तेव्हा त्याला काय वाटलं असेल याची कल्पना करून बघा. महिना-दीड महिना आधी तुम्ही टिफिन भरून दिला आणि कुणीतरी पत्राने कळवलं की पोळी अजून मऊ होती.

द कारोच्या सांगण्यानुसार पूर्वेकडे गेलेली ही लस मिलानच्या लुइजी साक्कोने लोंबार्डीतल्या गाईंपासून मिळवलेली होती. म्हणजे माझ्या आजीच्या आजीच्या दंडावर टोचलेली लस कदाचित इंग्लंडची नव्हतीच, इटलीच्या गाईंची होती. असो.

बगदादला आणि बसऱ्याला स्थानिक माणसांना, मुलांना टोचून ती लस ताजी करून घेतली गेली. टपालाचे घोडे जसे ठाण्याठाण्यावर बदलतात तशी ठाण्याठाण्यावर माणसं बदलली. बसऱ्याहून ती मुंबईला आली, आणि इथे जवळजवळ सगळं पाण्यात जायची वेळ आली. मुंबईत आलेल्या लसीने अनेक मुलांना टोचून पाहिलं. कुणालाही फोड येईना. एका मुलीला मात्र आला. १४ जून १८०२. मुलीचं नाव अ‍ॅना डस्टहॉल, वय वर्षं तीन, एका नोकराची मुलगी, बाप युरोपियन. तिच्याबद्दल डॉक्टरांच्या टिपणात जे उतरलं आहे त्यात एवढंच येतं की मुलगी स्वभावाने फार गोड होती, म्हणजे रडारड न करणारी.

हा सगळा खटाटोप मुंबईच्या बाजूने बघणारा डॉक्टर होता हेलेनस स्कॉट. वस्तू दूर पाठवण्याची त्याला आधीपासून सवय होती. हिंदुस्थानी पोलादाचे, म्हणजे वूट्झचे नमुने त्याने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले होते. पोलाद पाठवणं सोपं. ते वाटेत मरत नाही.

अ‍ॅनाच्या दंडातून लस काढून पुढच्या आठवड्यात आणखी पाच मुलांना टोचली. तिथून ती हैदराबाद, कोचीन, तेलिचेरी, चेंगलपट्टू, मद्रास असं करत म्हैसूरच्या राजवाड्यापर्यंत गेली, बहुतेक ठिकाणी दंडातून दंडात. म्हणजे जून १८०२ मधले ते काही दिवस असे होते की अख्ख्या हिंदुस्थानात जिवंत लस फक्त एका तीन वर्षांच्या मुलीच्या दंडात होती. तिने खाजवून तो फोड फोडला असता तर? ताप येऊन काही भलतंच झालं असतं तर? पुन्हा व्हिएन्ना, पुन्हा मेणबत्तीवाला.

मी हे वाचलं तेव्हा थोडा वेळ थांबलो. काच, मेण, कागदाचे कपटे इथपर्यंत ही पॅकिंगची गोष्ट होती. बसऱ्यानंतर डबा म्हणजे माणूस झाला. आणि बहुतेक वेळा मूलच, कारण मोठ्या माणसांना बहुधा देवी येऊन गेलेल्या असत आणि त्यांच्यावर लस उठत नसे. ज्याला देवी आलेली नाही असं कोरं शरीर मुलांचंच.

स्पेनने तर हे काम सरकारी शिस्तीने केलं. ३० नोव्हेंबर १८०३ रोजी ला कोरुन्याच्या बंदरातून 'मारिया पिता' नावाचं जहाज निघालं. प्रमुख होता फ्रान्सिस्को हाविएर दे बाल्मिस हा डॉक्टर. जहाजावर बावीस मुलगे, बहुतेक अनाथाश्रमातले, साधारण तीन ते नऊ वर्षांचे. त्यांना सांभाळायला आश्रमाच्या व्यवस्थापिका इसाबेल सेंदाल. तिचा स्वतःचा मुलगाही त्या बावीसांत होता. दर नऊ-दहा दिवसांनी दोन मुलांना टोचायचं. एक का नाही, दोन का? एकाचा फोड उठला नाही तर साखळी तुटू नये म्हणून. टोचलेल्या मुलांना इतरांपासून वेगळं झोपवायचं, म्हणजे चुकून एकाच वेळी सगळ्यांना लागण होऊन 'साठा' संपायचा नाही. आज लस साठवणुकीच्या पुस्तकात जे नियम असतात ते सगळे तिथे होते, पर्यायी साठा, विलगीकरण, वेळापत्रक. फक्त साठा म्हणजे मुलं होती, जी रात्री आईच्या नावाने रडत असतील, किंवा आई कोण हेच ठाऊक नसल्यामुळे नुसतीच रडत असतील.

जहाज फेब्रुवारी १८०४ मध्ये पोर्टो रिकोला पोचलं, पुढे मेक्सिको. तिथून १८०५ मध्ये फिलिपिन्सला जाताना मेक्सिकोतली सव्वीस मुलं घेतली. स्पेनहून निघालेली मुलं परत गेली नाहीत, ती मेक्सिकोतच राहिली. या मोहिमेचा फायदा लाखो लोकांना झाला यात शंका नाही, आणि त्या मुलांनाही देवीपासून जन्मभराचं संरक्षण मिळालं. त्या काळात अनाथाश्रमातल्या मुलाला देवी येणं म्हणजे काय असे हे लक्षात घेतलं तर हा सौदा अगदीच वाईट म्हणता येत नाही. पण सौदा करताना दुसऱ्या बाजूला कुणी बसलेलंच नव्हतं. मला बाल्मिसला दोष द्यायचा नाही. पण त्याची मोहीम नुसती गौरवाने सांगणाऱ्यांनी मधे एकदा तरी थांबून ही मुलं मोजावीत असं वाटतं.

शिवाय माणूस हा डबा म्हणून वाईटच. काचेच्या कुपीत तुम्ही जे घातलं तेवढंच असतं. माणसात आधीपासून काय काय असतं ते वरून दिसत नाही. १८६१ मध्ये इटलीतल्या रिव्हाल्ता गावात एका वरवर निरोगी दिसणाऱ्या बाळाच्या फोडातून लस काढली आणि इतर मुलांना टोचली. त्या बाळाला उपदंश होता. चाळीसहून अधिक मुलांना तो लागला. यानंतर युरोपात वासरांच्या अंगावर लस वाढवण्याकडे कल झपाट्याने वळला. पुढे तिच्यात ग्लिसरीन मिसळायची पद्धत आली, त्याने लस टिकायलाही लागली आणि त्यातले इतर जंतूही कमी व्हायला लागले. १८९८ मध्ये इंग्लंडने दंडातून दंडात टोचण्यावर कायद्याने बंदी घातली. बेळगावकडच्या वाचकांना टिळकवाडीतलं 'व्हॅक्सिन डेपो' ठाऊक असेलच. आता तिथलं मैदान लोकांना माहीत आहे, पण ते नाव पडलं ते देवीच्या लसीमुळे. अ‍ॅनाचं काम वासरांकडे गेलं.

इथवर एक प्रश्न बाजूला राहिला होता. पेटी उघडतो कोण? आणि उघडताना काही बिघडलं तर जबाबदार कोण? त्याचं उत्तर द्यायची वेळ मुंबईवरच आली.

व्लादिमीर हाफकिनने प्लेगची लस मुंबईत तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमधून लसीच्या बाटल्या देशभर जायला लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ लोकांना ही लस टोचली. त्यातल्या ज्या १९ जणांना '५३ एन' क्रमांकाच्या बाटलीतली लस मिळाली ते सगळे धनुर्वाताने मेले. बाकीच्यांना काही झालं नाही.

चौकशी बसली. निष्कर्ष निघाला की बाटली परळलाच दूषित झाली असणार. हाफकिनला पदावरून दूर केलं. खरं तर गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता त्याच चिमट्याने बूच काढलं गेलं, ही गोष्ट साक्षीत आलेली होती. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात हे तेव्हा माहीत होतं. बाटली महिन्याहून जास्त बंद होती. आत हे जंतू इतके दिवस वाढले असते तर दुर्गंधी आली असती, आणि उघडणाऱ्या डॉक्टरने वास आला नव्हता असं सांगितलं होतं. एवढं सगळं असून खापर पाठवणाऱ्यावर फुटलं. रोनाल्ड रॉससारख्यांनी जोर लावला, १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये दहा शास्त्रज्ञांच्या सहीचं पत्र आलं, आणि मग कुठे हाफकिनची सुटका झाली. परळच्या त्या संस्थेला १९२५ मध्ये त्याचं नाव दिलं.

परळच्या कारभाराचे दोष नव्हते असं कुणी म्हणत नाही. उत्पादन वाढवण्यासाठी कार्बोलिक आम्ल वगळण्याचा निर्णय झाला होता आणि तो चौकशीत त्याला भोवला. पण बाटलीचा प्रवास तिचं बूच निघेपर्यंत चालू असतो, आणि त्या शेवटच्या वितभर प्रवासाची नोंद कुणीच ठेवलेली नव्हती. मुल्कोवालमधल्या त्या १९ जणांची तर गोष्टच निघत नाही. चर्चा सगळी हाफकिनच्या अब्रूची.

आतापर्यंत पेटीत जे होतं ते उपकारक होतं, किंवा तसं असायला हवं होतं. विसाव्या शतकात उलट वाहतूक सुरू झाली. दूर कुठेतरी माणसं मरताहेत, कशाने ते कळत नाही, म्हणून त्यांचं रक्त मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवायचं. आता पेटीत लस नाही, खुद्द रोग.

सप्टेंबर १९७६ च्या अखेरीस बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ट्रॉपिकल मेडिसिन संस्थेत एक निळा थर्मास आला. चकचकीत, आपण प्रवासात चहा नेतो तसा. किन्शासाहून, म्हणजे तेव्हाच्या झाईरच्या राजधानीतून, एका बेल्जियन डॉक्टरने तो पाठवला होता. यांबुकू नावाच्या आडगावातल्या मिशन हॉस्पिटलमध्ये विचित्र तापाने माणसं मरत होती. तिथल्या आजारी ननचं रक्त दोन नळ्यांत भरून, बर्फात घालून, विमानातल्या एका प्रवाशाच्या हातातल्या सामानातून ते आलं. होय, हातातल्या सामानातून. वर ठेवलं असेल नाहीतर सीटखाली, शेजाऱ्याच्या पायाशी.

अँटवर्पमध्ये थर्मास उघडणाऱ्यांत सत्तावीस वर्षांचा पीटर पिओ होता, जो पुढे एड्सविरोधी कामासाठी जगभर ओळखला गेला. हातात साधे रबरी मोजे, अंगात सुती कोट. तोंडावर काही नाही. झाकण काढलं तर आत वितळलेल्या बर्फाचं पाणी, एक नळी शाबूत आणि दुसरीचे तुकडे. रक्त आणि पाणी एक झालेलं. त्यातच एक हाताने लिहिलेली चिठ्ठी, शाई अर्धीअधिक फुटलेली. त्यांना वाटलं पीतज्वर असेल. चाचण्या केल्या, तो नव्हता. उंदरांना टोचलं, काही दिवसांनी उंदीर एकेक करून मरायला लागले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली किड्यासारखा लांबलचक आकार दिसला. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की हे काम थांबवा आणि नमुने इंग्लंडात पोर्टन डाउनला पाठवा. पुढे अमेरिकेत अटलांटाला नक्की झालं की विषाणू नवा आहे. त्याचं नाव एका नदीवरून ठेवलं, इबोला. यांबुकूच्या साथीत ३१८ जणांना लागण झाली, २८० मेले. त्या हॉस्पिटलमध्ये रोज सकाळी पाच सुया काढायच्या आणि दिवसभर सगळ्या रुग्णांना त्याच वापरायच्या, अशी रीत होती. रोग पसरण्यात तिचा मोठा वाटा होता.

निळ्या थर्मासमुळे कुणालाही लागण झाली नाही. अँटवर्पमध्ये नाही, विमानात नाही. निव्वळ नशीब. ज्याच्या पिशवीत तो थर्मास होता त्याच्या हातून ती घसरून पडली असती, कस्टम्सवाल्याने कुतूहलाने झाकण उघडलं असतं... वाक्य पुरं करवत नाही.

आता असा नमुना कसा पाठवतात ते वाचताना मला सारखा तो थर्मास दिसतो, कारण प्रत्येक नियम त्याच्याकडेच बोट दाखवतो. तीन थर लागतात. सर्वांत आत न गळणारी नळी. तिच्याभोवती शोषून घेणारं साहित्य, आणि ते किती? नळी फुटली तर आतलं सगळंच्या सगळं द्रव शोषलं जाईल इतकं. मग दुसरा न गळणारा डबा. मग बाहेरचा कडक खोका. बर्फ ठेवायचा तो दुसऱ्या डब्याच्या बाहेर, म्हणजे वितळलेलं पाणी आणि रक्त भेटायला नकोत, आणि बर्फ संपला तरी आतला डबा हलायला नको. कोरडा बर्फ असेल तर खोका हवाबंद करायचा नाही, कारण त्याचा वायू होतो आणि कोंडला तर खोका फुटतो. विमानात दाब बदलतो म्हणून आतल्या भांड्याने दाबातला फरक सोसला पाहिजे. इबोलासारख्या अतिघातक जंतूंसाठीचा खोका नऊ मीटरवरून, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या मजल्यावरून, टाकून बघतात. साध्या तपासणीच्या नमुन्यांसाठी १.२ मीटर पुरतात, हमालाच्या हातातून निसटण्याइतकी उंची.

आणि आत काय आहे त्याची यादी? ती दुसऱ्या डब्याच्या आणि बाहेरच्या खोक्याच्या मधे ठेवायची. रक्तात भिजणार नाही अशा जागी, आणि आतला डबा न उघडता वाचता येईल अशी. मला हा नियम सगळ्यांत जास्त आवडला.

म्हणजे पॅकिंगचा प्रश्न सुटला का? खोक्यापुरता सुटला. २०१५ मध्ये अमेरिकन लष्कराच्या युटा राज्यातल्या डगवे प्रयोगशाळेने अँथ्रॅक्सचे मारलेले जंतू म्हणून अनेक प्रयोगशाळांना, देशात आणि परदेशातही, नमुने पाठवल्याचं उघड झालं. वर्षानुवर्षं चाललं होतं. खोके गळले नाहीत, फुटले नाहीत. फक्त आतले जंतू मेलेले नव्हते. लेबल खोटं होतं, आणि लिहिणाऱ्यालाच ते खोटं आहे हे माहीत नव्हतं. उघडणाऱ्याने मेलेले समजून उघडले. द कारोच्या गोळ्याची भीती होती की आतलं वाटेत मरेल. इथे नेमकी उलटी गफलत.

पुण्यात राहणाऱ्यांना या वाहतुकीचं दुसरं टोक रोज जवळ असतं, लक्षात मात्र नसतं. १९५२ मध्ये इथे व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झालं, १९७८ पासून ती राष्ट्रीय विषाणू संस्था. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासानूर जंगलात माकडं मरायला लागली तेव्हा तपास पुण्याच्याच माणसांनी केला. आणि जानेवारी २०२० मध्ये वुहानहून परतलेल्या केरळमधल्या विद्यार्थिनीच्या घशातला नमुना पुण्याला आला तेव्हा भारतातला पहिला कोविड रुग्ण ठरला, ३० जानेवारीला. तो नमुना ज्यांनी उचलला, विमानात चढवला, उतरवला, गाडीतून नेला, त्यांच्यापैकी कुणाचंही नाव बातमीत नव्हतं. तसं ते कधीच नसतं. अ‍ॅनाचं नाव राहिलं ते अपवादानेच.

आमच्या गल्लीत एक छोटं रक्त तपासणी केंद्र आहे. तिथून रोज दुपारी एक मुलगा स्कूटरवर पुढे पायांशी खोका ठेवून मोठ्या लॅबकडे जातो. खोक्यावर चौकट तिरकी करून काढलेली असते, आत 'यूएन ३३७३'. जगभर हीच खूण, तपासणीच्या नमुन्यांची. गेल्या आठवड्यात तो सिग्नलला माझ्या शेजारी थांबला होता. मी विचारलं, "यातली नळी फुटली तर काय करायचं सांगितलंय?"

"फुटत नाही काका," तो म्हणाला. मग खोका थोडा वळवून त्याने बाजूला छापलेला फोन नंबर दाखवला. "फुटली तर हात लावायचा नाही, इथे फोन करायचा. चोवीस तास उचलतात म्हणे."

"कधी केलाय?"

"एकदा. खरंच उचलतात का बघायला." सिग्नल सुटला आणि तो गेला.